जास्तीचा गेम कोड कुणाला द्यायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : हंबल या साइटवरून बंडल (अनेक गेमचे कोड एकत्र, स्वस्तात) घेतलं, त्यातले तीन गेम माझ्याकडे स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, आधीच आहेत. ते कोड मावसभावाला दिले तर चालतं का, की ही पण पायरसीच?

बिनधास्त द्या. पैसे तुम्ही भरलेत, कोड अजून वापरलेला नाही आणि तो एकाच अकाउंटवर एकदाच लागतो, म्हणजे एकाचे दोन गेम होत नाहीत, पायरसीत आणि यात फरक आहे तो इथेच. हंबलवर कोडपाशी मित्राला गिफ्ट करायची सोय पण असते. फक्त आधी विचारा की बाबा खेळणार आहेस का, आणि त्याचा पीसी गेम झेपेल असा आहे का. काही कोडना मुदत असते, त्यामुळे "कधीतरी देऊ" म्हणून दाबून ठेवू नका, मेलेला कोड कुणाच्याच कामाचा नाही.

प्रश्न : मग कॉलेजच्या पोरांना शंभर-दीडशेला विकला तर काय बिघडलं? त्यांना स्वस्त, मला पैसे.

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. स्टीमच्या बाहेर जे कोड विकले जातात ते स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह डेव्हलपरला, म्हणजे गेम बनवणाऱ्याला, फुकट काढून देते, त्यावर कमिशन घेत नाही. त्या जोरावर छोटे स्टुडिओ आपला गेम बंडलमध्ये एवढ्या कमी पैशात देऊ शकतात, त्यातला काही वाटा चॅरिटीला पण जातो. ते स्वस्त देतात ते तुम्ही खेळावं म्हणून, दुकान मांडावं म्हणून नाही. २०११ चीच गोष्ट घ्या, तेव्हा हंबलवर हवे तेवढे पैसे द्या आणि स्टीमचे कोड घ्या असं होतं, तर लोकांनी एकेका सेंटला ढीगभर बंडल उचलले, त्या कोडवर खोटी अकाउंट्स काढली आणि स्टीमच्या ख्रिसमसच्या बक्षीस योजनेत घुसवली. शेवटी स्टीम कोड हवा तर किमान १ डॉलर द्या असा नियम करावा लागला, आणि त्याचा फटका खरंच ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याला पण बसला.

कुणी म्हणेल की फुकट दिला तरी डेव्हलपरचं एक गिऱ्हाईक जातंच की. जातं कधीकधी, मान्य. पण फुकट द्यायला कुणी दहा बंडल विकत घेत नाही, विकायला घेतात.

प्रश्न : डिस्कॉर्डवर (गेमर्सच्या चॅट ग्रुपवर) कोड टाकला, कुणीतरी लगेच उचलला आणि थँक्यू पण नाही म्हणाला. माझं काही चुकलं का?

माणूसच होता कशावरून? असे कोड टिपायला बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, बसवलेले असतात. मी पण एकदा हेच केलं होतं, पंधरा अक्षरांतलं शेवटचं झाकलं, म्हटलं आता बॉटला कळणार नाही, पण एका अक्षराला पर्याय किती, इंग्रजी २६ अक्षरं आणि १० आकडे धरून फार तर ३६. चहा घेऊन परत येईपर्यंत कोड गेलेला, आणि ग्रुपमधला एक बारावीचा पोरगा, ज्याच्यासाठी खरं तर टाकला होता, तो विचारत होता "दादा, हा आधीच वापरलाय असं का दाखवतंय?" फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी नुसतं गेमचं नाव टाकतो, कुणाला हवाय आणि का ते विचारतो, एक दिवस थांबतो आणि मग कोड पर्सनल मेसेजवर देतो. पहिला आला त्याला देणं न्याय्य वाटतं, पण त्यात जिंकतो तो दिवसभर ऑनलाइन बसलेला.

प्रश्न : रिव्ह्यूसाठी डेव्हलपरकडून दोन कोड आलेत, एक धाकट्या भावाला देऊ?

नाही. तो तुम्हाला कामासाठी दिलाय. मेल करून विचारा, हो म्हणाले तर द्या.

प्रश्न : भाच्याला वाढदिवसाला एका साइटवरून स्वस्तात कोड घेऊन दिला. तीन आठवड्यांनी गेम लायब्ररीतून गायब! पोरगं रडवेलं झालंय.

कोड बहुतेक चोरीच्या कार्डवर घेतलेला असणार. खरा कार्डवाला बँकेत तक्रार करतो, बँक पैसे उलटे फिरवते, स्टुडिओचे पैसे जातात वर दंड बसतो, मग तो कोड रद्द होतो. फॅक्टोरिओ हा गेम बनवणाऱ्या वुब सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे उघड झालं, जीटूए या कोड विकायच्या साइटवर त्यांचे १९८ चोरीचे कोड विकले गेल्याचं २०२० मध्ये जीटूएनेच कबूल केलं आणि ३९,६०० डॉलर भरून दिले. तुमचा हेतू चांगलाच होता, पण पैसे चोराला गेले हे पण खरंय. भाच्याला जे झालं ते सरळ सांगा, त्याला वाटत असेल आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. साइटकडे रिफंड मागा. आणि त्याला स्टीमवर फ्रेंड करून घ्या, जूनच्या शेवटी समर सेल लागतो, तेव्हा तोच गेम थेट तिथूनच गिफ्ट करा.