ऑल्ट-टॅब मारून कंटाळलात?

प्रश्न: मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात अकाउंट्सचं काम करते, टॅली, एक्सेल, क्रोम दिवसभर उघडंच असतं आणि ऑल्ट-टॅब मारला की नेमकी भलतीच विंडो पुढे येते. काही सोपं आहे का हो?

उत्तर: आहे ना ताई! विंडोजवर ऑटोहॉटकी हे कीबोर्डचे शॉर्टकट बनवणारं फुकट सॉफ्टवेअर टाका, मग नोटपॅडमध्ये अ‍ॅपमागे एखादी ओळ लिहायची, कंट्रोल-ऑल्ट-ई दाबलं की विनअ‍ॅक्टिव्हेट हा त्या ओळीतला आदेश एक्सेलला थेट पुढे आणतो. विंडोच्या टायटलवरून शोधू नका, फाइल बदलली की तेही बदलतं, प्रोग्रामच्या ईएक्सई नावावरून, म्हणजे त्याच्या मूळ फाइलच्या नावावरून शोधा. शॉर्टकटसाठी एफ-कीज (वरच्या ओळीतल्या एफ1, एफ2 वगैरे) मात्र अजिबात घेऊ नका, टॅलीची व्हाउचरं त्यांच्यावरच चालतात! ऑफिसात काही टाकू देत नसतील तर अ‍ॅप्स टास्कबारवर पिन करा आणि विंडोज-कीबरोबर 1, 2, 3 दाबा, त्या क्रमाचं अ‍ॅप पुढे येतं.