मलेरियाची ‘सवय’ आणि दिरांचा दुसरा ताप

ताई, सासूबाई म्हणतात एकदा मलेरिया झाला की अंगाला सवय होते. मग घणसोलीतल्या दिरांना जुलैनंतर ऑक्टोबरात पुन्हा हुडहुडी का भरली, त्यांच्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, झोपल्या होत्या का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. ठाण्यात 22 वर्षं लॅबमध्ये स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघतोय, तेवढं धरून वाचा.

सासूबाई अगदीच चूक नाहीत. आफ्रिकेत जिथे मलेरिया कायमचा आहे, तिथली मोठी माणसं रक्तात परजीवी, म्हणजे मलेरियाचे जंतू, असूनही कामावर जातात. वारंवार लागण झाली की मदतनीस टी पेशी, म्हणजे सीडी-4, आयएल-10 नावाचं रसायन जास्त सोडायला लागतात. त्यानं दाह निवतो, ताप कमी चढतो, पण परजीवी जातोच असं नाही. याच पेशी अँटीबॉडी बनवायलाही मदत करतात. 1961 साली गांबियात मोठ्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी आजारी मुलांना टोचल्या, तर परजीवी झपाट्यानं घटले. पण ही सवय लहानपणापासून वर्षानुवर्षं डास चावून लागते, आणि तो मुलूख सोडला की ओसरते. नवी मुंबईतल्या एका पावसाळ्यात कुठली लागायला!

आता मारेकरी टी पेशी, सीडी-8. त्या झोपत नाहीत, त्यांना दिसत नाही. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या खुंटीवर टांगून बाहेर दाखवते, ते बघून त्या हल्ला करतात. पिकलेल्या तांबड्या पेशीवर एचएलए जवळपास नसतंच. यकृताच्या पेशीवर असतं, आणि डासानं सोडलेले परजीवी आधी तिथेच जातात, पण ते मूठभर, त्यांनी धरलेल्या यकृतपेशीही मोजक्याच. मलेरियाच्या परजीवीची व्हायवॅक्स नावाची जात आहे. व्हायवॅक्स मात्र कोवळ्या तांबड्या पेशी धरतो आणि त्यांवर थोडं एचएलए उरलेलं असतं. सीडी-8 त्या मारतात, हे 2018 मध्ये ब्राझीलच्या रुग्णांच्या रक्तात दिसलं. त्या फुगलेल्या, ठिपकेदार पेशी मी रोज बघत होतो, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

दिरांच्या बाबतीत माझा संशय वेगळाच आहे. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात निपचित पडून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. नवा डास लागतच नाही. क्लोरोक्विन हे औषध रक्त साफ करतं, यकृतातल्यांना हात लावत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन, 14 दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेली पाकिटं फ्रिजवर पडतात, हे आमच्या काउंटरवर नेहमीचं. दिरांना विचारा, गोळ्या संपवल्या होत्या का. पण उरलेल्या आता काढून देऊ नका. तांबड्या पेशींना जपणारं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असेल तर त्या गोळीनं तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आधी ती तपासणी आणि डॉक्टरांचा डोस.

आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा. दोन्हीकडे व्हायवॅक्स असेल तर वरचं सगळं लागू. जुलैत व्हायवॅक्स आणि ऑक्टोबरात फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाची दुसरी जात, असेल तर तो बहुधा नवा डास. मग शेजारच्या बांधकामावर साचलेलं पाणी आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघून या.