कागदावरची कुसुम

"ह्यांच्या पेन्शनच्या कागदात माझं नाव वेगळंच आहे. विषय काढू की नको?" माजी सैनिकांच्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि विचारणारी बहुतेक वेळा बायकोच असते. नवऱ्यापाशी बोलायला ती कचरते, कारण त्या प्रश्नात 'तुमच्या माघारी' हे शब्द दडलेले असतात.

साताऱ्याच्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत, परवानगी दोघांचीही आहे. साहेब निवृत्त लेफ्टनंट कर्नल, वय ७६. काकू ७१ च्या. पहिल्यांदा काकू एकट्याच आल्या, पिशवीत पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स घेऊन. त्यावर पत्नीचं नाव कुसुम. आधार, पॅन, पासबुक, सगळीकडे मीनल. पत्नीच्या जन्मतारखेची जागा कोरी. शेजारच्या सुभेदारांच्या पत्नीची कुटुंब पेन्शन, म्हणजे नवऱ्याच्या माघारी बायकोला मिळणारी पेन्शन, अशाच नावापायी अडकली होती, ते काकूंनी जवळून पाहिलं होतं. घरी त्यांनी दोनदा विषय काढला. "माझ्या मरणाची वाट बघतेस का?" असं साहेब कडाडले, आणि पुढे वर्षभर काकू गप्प राहिल्या.

पुढच्या खेपेला साहेब आले ते ताठ बसूनच. "अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. आता कचेऱ्यांपुढे हात पसरू?" मी कागदांचं काहीच बोलले नाही. लग्न कसं झालं, ते विचारलं. १९७६ चं लग्न. लग्नासाठी रजेचा अर्ज केला तेव्हा वधूचं नाव कुसुम लिहिलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'मीनल' लिहिलं. रजा संपवून युनिटला परतले, लग्नाच्या नोंदीचा फॉर्म भरायला बसले आणि हातून जुनंच नाव लिहिलं गेलं. इथं ते थांबले. मग म्हणाले, "क्लार्कची चूक नाही ती. माझी आहे."

काकूंवरचा राग मुळात काकूंवर नव्हताच. मी एवढंच म्हणाले, "साहेब, कुसुम आणि मीनल एकच, हे आज तुम्ही सही करून सांगू शकता. उद्या ते काकूंना एकटीनं सिद्ध करावं लागेल आणि तेव्हा साक्षीला तुम्ही नसाल."

लग्नात मुलीचं नाव बदलायच्या आपल्या रीतीमुळे हा घोळ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आहे. कुठे कागदावर नुसती 'लक्ष्मी', तर कुठे 'लक्ष्मीबाई'. कोऱ्या जन्मतारखेकडे मात्र कुणाचं लक्षच जात नाही. कुटुंब पेन्शन घेणारी ८० वर्षांची झाली की तिला २० टक्के जास्त मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०. नोंदीत तारीखच नसेल, तर ऐंशीव्या वर्षी स्वतःचं वय सिद्ध करत फिरायचं. हे ऐकल्यावर साहेबांनी खिशातून पेन काढलं.

काकूंचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरून आणवला. त्यावर कुसुम आणि जन्मतारीख, दोन्ही होतं. युनिटच्या कागदांपलीकडे विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोंद कधीच केलेली नव्हती, ती आता केली. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं साहेबांचं आणि काकूंचं प्रतिज्ञापत्र झालं आणि नावबदल राजपत्रात छापून घेतला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज नीट लिहून मिळाला. जवानांचं रेकॉर्ड रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला; अधिकाऱ्यांचं मात्र दिल्लीला, सेना मुख्यालयात. चुकीच्या पत्त्यावर अर्ज गेला की महिने वाया जातात, म्हणून हे मी मुद्दाम सांगते. संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठी असलेल्या 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवरही दुरुस्तीची विनंती टाकली आणि तिचा क्रमांक साहेबांनी डायरीत टिपला. अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला, प्रत घरी ठेवली. लवादात जायचं का, असं साहेबांनी विचारलं. अजिबात नको, मी म्हणाले. सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, पण ते अर्ज-विनंत्या करून थकल्यावरचं दार. नावाच्या दुरुस्तीत बहुतेक वेळा ती पाळी येऊ नये.

मधल्या महिन्यांत काकू अधूनमधून येत राहिल्या. कागदांबद्दल फारसं बोलत नसत. रात्री आता दोघं काय काय बोलतात ते सांगत: लॉकर, मुलाचं परदेशात असणं, कोण आधी जाईल. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनी हे बोलणं टाळलं होतं. मला त्या कागदाइतकंच हेही महत्त्वाचं वाटतं.

एका सकाळी साहेबांचा फोन आला. सुधारित पीपीओ आला होता. नावाचं एकेक अक्षर त्यांनी मला वाचून दाखवलं, मग जन्मतारीख. "आता ईसीएचएसच्या कार्डावरचं नाव बघतो," म्हणाले. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. मागून काकूंचा आवाज आला, "अहो, आधी चहा घ्या."