कुराणातल्या ‘या बुनय्य’चं मराठी ‘हे पुत्रा’ बरोबर आहे का? अशी प्रेमाची संबोधनं आणखी कुठे येतात?

चूक नाही, पण त्यातला जीव गेलाय. इब्न म्हणजे मुलगा, बुनय्य हे त्याचं लाडाचं, छोटं रूप. हसनचं हुसैन होतं तसंच. मराठीत ‘बाळा’ हा शब्द आयता असताना ‘हे पुत्रा’ कशाला? आपण काय संगीत नाटक बसवतोय?

बापाशी कसं बोलावं, यावरून आमच्या घरी दीड वर्ष अबोला होता. अब्बांचे गुडघे गेले, मशिदीच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून ते घरीच खुर्चीवर नमाज पढायचे. थोरला भाई आखातातून सुटीवर आलेला. ईदच्या दिवशी पाहुण्यांदेखत म्हणाला, “अब्बा, हे बहाणे अल्लाहसमोर चालणार नाहीत.” अब्बा काही बोलले नाहीत. शिरखुर्म्याच्या वाटीत नुसता चमचा फिरवत राहिले.

मी म्हटलं, भाई, कुराणातला ‘सूरह मरियम’ हा अध्याय काढ. पैगंबर इब्राहीम अलैहिस्सलाम मूर्तिपूजक बापाला समजावतायत आणि सलग चार आयतींत, म्हणजे वचनांत, ‘या अबति’ येतं, म्हणजे आपलं ‘अब्बाजान’च. बाप म्हणतो, दगडांनी मारीन, चालता हो. मुलगा म्हणतो, सलाम असो तुमच्यावर. आपल्या अब्बांनी तर नुसती खुर्ची घेतली!

भाईचं उत्तर: “तू अरबी कुठे शिकलास?”

सूरह साफ्फातची 102वी आयत वाचा. मुलाच्या कुर्बानीचं स्वप्न त्यालाच सांगताना बाप, म्हणजे इब्राहीमच, म्हणतो ‘या बुनय्य’, मुलगा म्हणतो ‘या अबति’. मानेवर सुरी यायची वेळ आणि बोलणं हे असं. शहाणे लुकमान मुलाला उपदेश करतात तिथे ‘या बुनय्य’ तीनदा येतं. पैगंबर नूह जलप्रलयाच्या तुफानातून मुलाला हाक मारतात ती ‘या बुनय्य’ अशीच, आणि तो तर ऐकणाराही नव्हता. जुलमी बादशहा फिरऔनकडे जाताना पैगंबर मूसा आणि त्यांचा भाऊ हारून यांना अल्लाहचा हुकूम होता, मऊ बोला. फिरऔनशी!

आता सगळीकडे गोडवाच आहे असं समजू नका. पैगंबरांचा कट्टर विरोधक अबू लहबवर आख्खी सूरह आहे, तिथे लाड नाहीत. आणि मी आलिम, म्हणजे धर्मपंडित, नाही, व्याकरणाचं बारीकसारीक जाणकाराला विचारा.

पण भाषांतर करत असाल तर बेधडक ‘बाळा’ लिहा. आणि घरात म्हातारे आईबाप असतील तर सूरह बनी इस्राईलची 23वी आयत काढा. त्यांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नका, असं आहे तिथे. भाई, वाचत असशील तर बघ, ‘बहाणे’ हा शब्द ‘उफ्’पेक्षा किती लांबडा आहे ते.