तुमचे प्रश्न : जांघेतलं अवधाण आणि गुडघ्याची कळ

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, अंगाने एकदम काटकुळ्या, पाच बाळंतपणं झालेली. तीन महिन्यांपासून मधूनच उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते, त्याच वेळी पोट दुखतं, उलटी होते आणि चार-पाच तासांनी सगळं आपोआप थांबतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला, झीज आहे म्हणाले, गोळ्या-मलम चालू आहे. शेजारच्या मावशींनी नाभी सरकलीय म्हणून पोटही चोळून दिलं. गाठ तर कुठंच दिसत नाही. कुणाला दाखवू? (तासगाव तालुक्यातून एक सूनबाई)

उत्तर : ताई, सर्जनला, आणि याच आठवड्यात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी झीज कुणाच्या गुडघ्यात नसते? एक्स-रे काढला की दिसणारच, पण गुडघा झिजला म्हणून कुणी उलट्या करत नाही हो. ही दोन दुखणी एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात, हे तुम्ही बरोबर टिपलंय. पत्रावरून पक्कं सांगता येत नाही, पण मला शंका येते ती ऑब्ट्युरेटर हर्नियाची.

कंबरेच्या हाडाला खालच्या बाजूला एक मोठं भोक असतं, पडद्याने झाकलेलं, त्याच्या वरच्या कडेला एक अरुंद वाट असते आणि तिथून मांडीच्या आतल्या बाजूला जाणारी नस निघते. त्या वाटेत थोडी चरबी भरलेली असते, ती बुचासारखं काम करते. वय झालं, वजन उतरलं की चरबी जाते, वाट मोकळी होते आणि आतडं तिथं शिरतं. आतडं अडकलं की उलट्या, नस दबली की गुडघ्यापर्यंत कळ. आतडं सुटलं की दोन्ही बंद. गाठ दिसत नाही कारण सगळा प्रकार मांडीच्या स्नायूंखाली खोल चाललेला असतो. बारीक, वयस्कर आणि बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांतच हा जास्त दिसतो, आणि उजवीकडे जास्त. एक गोष्ट बघून ठेवा, कळ आल्यावर पाय सरळ केला किंवा आत वळवला की दुखणं वाढतं का आणि गुडघा पोटाशी घेतला की बरं वाटतं का, हे सर्जनना आवर्जून सांगा.

तपासणी म्हणाल तर पोटाचा आणि कंबरेचा सीटी स्कॅन, सोनोग्राफीत हा नजरेतून सुटू शकतो. ऑपरेशनमध्ये आतडं ओढून बाहेर काढतात, काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून जोडतात आणि भोक टाके घालून किंवा जाळी लावून बंद करतात. आणि ते पोट चोळणं आजपासून बंद, मावशींना माझं नाव सांगा पाहिजे तर. पुढच्या वेळी उलट्या थांबल्या नाहीत, पोट फुगलं, तर रात्र असली तरी गाडी काढायची.

प्रश्न : स्त्री, वय ४६. उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ आहे, दुखत नाही. घरचे अवधाण म्हणाले, गरम शेक दिला, महिना झाला तरी तशीच. सोनोग्राफीत फिमोरल हर्निया आलाय. पट्टा बांधून ऊस जाईपर्यंत थांबलं तर चालेल का? (कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : पट्टा नको. आणि ऊस दुसरं कुणीतरी घालवेल. अवधाण म्हणजे जंतूंमुळे सुजलेली जांघेतली गाठ, ते येतं तेव्हा बहुतेक वेळा पायाला जखम, काटा, चिखल्या असं काहीतरी असतं, गाठ हात लावला की दुखते आणि जखम बरी झाली की बसते. तुमची महिनाभर तशीच आहे. पुरुषांच्या नेहमीच्या हर्नियाची वाट त्यामानाने सैल असते, फिमोरलची, म्हणजे जांघेच्या घडीखाली मांडीच्या वरच्या टोकाला येणाऱ्या हर्नियाची, अरुंद आणि कडक, म्हणून यात आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटायचा धोका बराच जास्त. कधी कधी आतड्याची फक्त एक कड अडकते, त्याला रिश्टर हर्निया म्हणतात, त्यात संडास-वारा चालू राहतो आणि माणूस गाफील राहतो, आतून मात्र आतडं सडत असतं. तेव्हा तारीख घ्या. दुर्बिणीतून जाळी लावायचं ऑपरेशन बायकांसाठी चांगलं, दुसरीकडे लपलेला हर्निया असेल तर तोही त्यातच दिसतो. तोपर्यंत गाठ टणक झाली, दुखायला लागली, तर ती दाबून आत ढकलायचा प्रयत्न घरी करू नका.

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत झालं, डिस्चार्ज कार्डवर ‘अमियांड हर्निया’ लिहिलंय. कॅन्सरचा प्रकार आहे का? (विटा)

उत्तर : अजिबात नाही दादा. हर्नियाच्या पिशवीत आतड्याऐवजी अपेंडिक्स सापडलं, एवढंच. क्लॉडियस अमियांड या सर्जनने १७३५ साली लंडनमध्ये ११ वर्षांच्या मुलाचा हर्निया उघडला तर आत टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स, ते त्याने काढलं, मुलगा वाचला, आणि तेही भूल नसलेल्या काळात. म्हणून त्याचं नाव. तेच अपेंडिक्स फिमोरल हर्नियात सापडलं तर त्याला द गारांजो हर्निया म्हणतात. अपेंडिक्स चांगलं असेल तर बरेच सर्जन ते परत आत ठेवून जाळी लावतात, सुजलेलं किंवा पिकलेलं असेल तर काढतात आणि जंतूंच्या भीतीने जाळी सहसा टाळतात. वडिलांचं काढलं की ठेवलं हे कार्डवर असेल, नसेल तर टाके बघायला जाल तेव्हा विचारून लिहून घ्या, नाहीतर उद्या उजवीकडे पोटात दुखलं की पुन्हा अपेंडिक्सवरून गोंधळ.