शिसं नळीला का चिकटतं?

प्रश्न : .४५-७० रायफलसाठी ४०५ ग्रेनच्या (सुमारे २६ ग्रॅम) शिशाच्या गोळ्या मी स्वतः ओततो. वीसेक बार झाले की नळीत शिशाचे पापुद्रे दिसतात. गोळी मऊ पडत असेल म्हणून मिश्रणात छापखान्याचे खिळे वितळवून टाकले, तर पापुद्रे आणखीच वाढले. असं का?

उत्तर : गोळी मऊ नाही, बारीक आहे. नळीत आतून कोरलेल्या पिळदार चरांपेक्षा गोळी बारीक असली की तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, शिसं खरवडतो आणि नळीला फासतो. मऊ गोळी मागच्या दाबाने थोडी फुगून फट बुजवते. खिळ्यांच्या धातूत अँटिमनी भरपूर असतं. त्याने कडक झालेली गोळी हलक्या भरणीत (कमी दारूत) फुगतच नाही.

आधी नळी मोजा. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, शुद्ध शिशाचा गोळा तेल लावून पितळी दांडीने नळीतून हळूहळू ठोकत पार काढा. त्यावर उठलेल्या उंचवट्यांचं माप मायक्रोमीटरनेच घ्या. चरांचं ठरलेलं माप ०.४५८ इंच, पण जुन्या नळ्या मोठ्या निघतात. मिळालेल्या मापापेक्षा गोळी ०.००१ ते ०.००२ इंच जाड हवी. साचाच लहान गोळी देत असेल तर साइझिंग डाय (गोळी दाबून मापात आणणारा साचा) काही करू शकत नाही, ती फक्त बारीक करते.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते : केसचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं, तोंड. दारू आणि प्रायमर (ती पेटवणारी टोपी) नसलेल्या केसमध्ये गोळी बसवा, परत काढा आणि मोजा. घटली असेल तर केसनेच ती आवळली. तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांसाठीचा एक्स्पांडर (केसचं तोंड आतून रुंदावणारा दांडा) बारीक असतो; जाड घ्या आणि केसचं तोंड जरासं फुलवा, म्हणजे बसवताना शिसं सोललं जाणार नाही.

पापुद्रे कुठे आहेत तेही पाहा. चेंबरजवळ (काडतूस बसतं तिथे) असतील तर माप चुकलंय. नळीच्या तोंडाशी असतील तर गोळीला लावलेलं वंगण वाटेतच संपतंय. मिश्रण २० भाग शिसं, १ भाग कथील एवढंच ठेवा. हलक्या भरणीला ते पुरतं.

प्रश्न : गोळ्यांवर सुरकुत्या येतात. काही वेळा उलट पांढरट, खरबरीत निघतात.

उत्तर : सुरकुत्या म्हणजे साचा थंड, किंवा आत तेल राहिलंय. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण ओतायला ३८० च्या आसपास हवं. साच्याचा कोपरा वितळलेल्या शिशात धरा. त्यावर शिसं गोठून चिकटेनासं झालं की साचा तयार. तरी पहिल्या दहा-पंधरा गोळ्या परत भांड्यातच जातील. पांढरट गोळी म्हणजे साचा जास्त तापला. नुसता रंग गेला असेल तर ती खुशाल वापरा. मिश्रणात कथील नसेल आणि गोळीभोवतीच्या पट्ट्यांच्या कडा बोथट येत असतील तर २ टक्के कथील पुरेसं.

एवढ्या जाड गोळीला घाई चालत नाही. स्प्रू प्लेटवरचं (साच्याच्या वरची, ओतायच्या भोकाची फिरती पट्टी) चकचकीत डबकं एकदम निस्तेज होतं, त्यानंतर दोन-तीन सेकंद थांबून मगच प्लेट फिरवा. आधी फिरवली तर प्लेटला शिसं माखतं आणि गोळीचा तळ ओरबाडला जातो. तळाची कड अखंड नसेल तर नेम बसणार नाही, नाक कितीही सुबक असो.

प्रश्न : आवरणाच्या ४०५ ग्रेन गोळीसाठी छापलेली भरणी चालेल?

उत्तर : नाही. त्याच वजनाच्या ओतीव गोळीचा तक्ता उघडा आणि किमान भरणीपासून सुरुवात करा. १८७३ च्या ट्रॅपडोअर या जुन्या एकबारी रायफलसाठी, लिव्हर रायफलसाठी आणि आधुनिक मजबूत रायफलसाठी तक्ते वेगळे असतात. त्यांची अदलाबदल जिवावर बेतते. काळी दारू भरत असाल तर ती आणि गोळी यांच्यात अजिबात पोकळी ठेवू नका. नळकांडी मॅगझिनमध्ये (ज्यात काडतुसं एकामागे एक राहतात) चपट्या नाकाचीच गोळी घाला आणि केसची कड गोळीच्या खाचेत घट्ट दाबा.

प्रश्न : चाकांची जुनी वजनं वितळवताना काही वर तरंगतात.

उत्तर : ती जस्ताची असण्याची शक्यता आहे. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून तापमान ३७० च्या वर नेऊ नका आणि ती झाऱ्याने काढून टाका. जस्त मिसळलं तर शिशाची लापशी होते, साचा भरत नाही. वजनं भांड्यात टाकण्याआधी पूर्ण कोरडी करा. वितळलेल्या शिशाखाली थेंबभर पाणी गेलं तरी वाफ होऊन सगळं शिसं अंगावर उडतं. वितळलेल्या शिशावर जमणाऱ्या मळीची भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नका, खेळती हवा ठेवा, आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.