जुन्या नोकरीवरून काढलं होतं, ते फॉर्मात लिहायचं का?

तुम्ही विचारलंय की लेखी आणि शारीरिक चाचणी पार झाली, आता पोलीस भरतीच्या पडताळणी फॉर्मात पाच वर्षांपूर्वी नोकरीवरून काढल्याचं लिहावं का. लिहा. काहीही न वगळता लिहा.

मी बरीच वर्षं ही पडताळणी केली आहे. तुम्ही संदर्भ म्हणून दिलेली माणसं चांगलंच बोलणार, हे आम्हाला माहीत असतं. म्हणून त्यांच्याशी बोलणं संपताना विचारायचं, "याला ओळखणारं आणखी कोण?" खरं चित्र त्या पुढच्या माणसाकडून कळतं, ज्याचं नाव तुम्ही दिलेलंच नसतं. तुमची ती नोकरी तिथे निघणारच. मग ती का गेली हा मुद्दा मागे पडतो, लपवली हा पुढे येतो. पोलिसाच्या शब्दावर माणसं तुरुंगात जातात. अमेरिकेत तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या जिग्लिओ निकालापासून साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला बाधा आणणारी माहिती सरकारी पक्षाला बचाव पक्षासमोर ठेवावी लागते, आणि साक्षीदार पोलीस असला तरी त्यातून सूट नाही. खोटेपणाची नोंद असलेला पोलीस साक्षीला उभा करणंच अवघड होतं.

एका मुलाची शिफारस मी नाकारली ती एक किरकोळ दंड लपवल्यासाठी. भरल्याचं सांगितलं असतं तर तो आज सेवेत असता. मला अजून वाईट वाटतं.

मानसशास्त्रीय चाचणीतही हेच. बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व चाचणी १९४३ मध्ये आली. तिच्या १९८९ च्या आवृत्तीत ५६७ विधानं आहेत. त्यातली काही विधानं फक्त तुम्ही स्वतःला किती धुतल्या तांदळासारखं दाखवता ते तपासतात. 'मला कधीच राग येत नाही' छापाची उत्तरं देत सुटलात, तर बाकीच्या निकालावर कुणी भरवसा ठेवत नाही. क्लासवाले 'आदर्श उत्तरं' पाठ करून घेतात, त्यांच्या नादी लागू नका.

पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्रावरची चाचणी, असेल तर धास्ती घेऊ नका. निवडीसाठी तिची अचूकता पुरेशी नाही, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्येच म्हटलंय. पण त्या खोलीत घाबरून पहिल्यांदा काही कबूल करण्याची वेळ येऊ देऊ नका.

आता नोकरी सोडल्याची तारीख, वरिष्ठाचं नाव, काढल्याचं पत्र असेल तर त्याची प्रत, एवढं जमवा. काय चुकलं ते चार ओळींत लिहा, वरिष्ठाला दोष न देता. नंतरच्या नोकरीत किती काळ टिकलात तेही त्याखालीच लिहा.